विज्ञान अकादमीचे वार्षिक अधिवेशन : चर्चेच्या वेळेचा प्रश्न

प्रादेशिक विज्ञान अकादमीचे वार्षिक अधिवेशन महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या चांगल्या परिचयाचे असते. उद्घाटन, बीजभाषण, निमंत्रितांची व्याख्याने, समांतर सत्रांतील निबंधवाचन, भित्तिपत्रांचे प्रदर्शन, समारोप आणि प्रमाणपत्रांचे वितरण असा त्याचा ठरलेला क्रम होय. हे अधिवेशन संशोधक व विद्यार्थी या दोघांसाठी आहे, असे निमंत्रणपत्रिकेत नमूद केलेले असते. प्रस्तुत लेखात ज्ञानव्यवहाराचा एक प्रकार म्हणून या अधिवेशनाचा परामर्श घ्यावयाचा आहे. तेथील निबंधांची गुणवत्ता हा स्वतंत्र विषय आहे. निबंधवाचन संपल्यानंतर सभागृहात काय घडते आणि ते घडण्यासाठी किती वेळ राखून ठेवलेला असतो, एवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित आहे.

या प्रकारचा एक जुना नमुना १८३१ साली यॉर्क येथे स्थापन झालेल्या ब्रिटिश असोसिएशनमध्ये सापडतो. दरवर्षी निराळ्या नगरात भरणारे, विषयवार विभागांत वाटलेले आणि राजधानीबाहेरच्या अभ्यासकांना सामावून घेणारे अधिवेशन हे त्या संस्थेचे वैशिष्ट्य होते. १८६० च्या ऑक्सफर्ड अधिवेशनात जॉन विल्यम ड्रेपर यांनी एक लांबलचक निबंध वाचला. तो आज कोणी उघडून पाहत नाही. त्यानंतरच्या चर्चेत बिशप विल्बरफोर्स आणि टी. एच. हक्स्ले यांच्यात डार्विनच्या सिद्धान्तावरून जी चकमक झडली, ती मात्र विज्ञानाच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. तिचा शब्दशः वृत्तान्त उपलब्ध नसल्याने कोण नेमके काय म्हणाले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि श्रोत्यांत विद्यार्थ्यांचा मोठा भरणा होता आणि ते स्वस्थ बसले नव्हते, एवढे निश्चित.

हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवून जे. एल. सायमनसेन आणि पी. एस. मॅकमहन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी भारतीय विज्ञान काँग्रेसची कल्पना मांडली. जानेवारी १९१४ मध्ये कलकत्ता येथे आशुतोष मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली पहिले अधिवेशन भरले. उपस्थिती १०५, निबंध ३५ आणि दिवस तीन. म्हणजे एका निबंधामागे तीन माणसे आणि एका दिवसात सुमारे बारा निबंध. या प्रमाणात निबंधावर बोलण्यास अवकाश राहतो. गोषवारे शेकड्यांनी स्वीकारले की तो राहणे शक्य नसते.

अकादमीची परंपरा याहून वेगळी आहे. १९३० मध्ये मेघनाद साहा यांच्या पुढाकाराने अलाहाबाद येथे संयुक्त प्रांताची विज्ञान अकादमी स्थापन झाली. आजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी ती हीच. जन्माने ती प्रादेशिक आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १९३४ साली मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून साहा यांनी अखिल भारतीय अकादमीची मागणी केली, आणि त्याच वर्षी सी. व्ही. रामन यांनी बंगळूरला भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली. महाराष्ट्रातील विज्ञान अकादमी १९७६ ची. अकादमीत सदस्य निवडून घेतले जातात आणि निबंध तज्ज्ञांकडून तपासले जातात. काँग्रेसचे दार सर्वांना खुले असते. प्रादेशिक अकादमीच्या वार्षिक अधिवेशनाला ही दोन्ही कामे एकाच मांडवात करावी लागतात. सदस्यांचा मान राखायचा आणि विद्यार्थ्यांची गर्दीही सामावून घ्यायची. ही ओढाताण निभावताना कात्री लागते ती चर्चेच्या वेळेला. उद्घाटन लांबले तर व्याख्यान कमी होत नाही, व्याख्यान लांबले तर भोजन पुढे जात नाही; प्रश्नोत्तरे मात्र ‘वेळेअभावी’ चहाच्या वेळेत उरकण्याची सूचना होते.

याचा सर्व दोष संयोजकांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत निबंधवाचनाला आंतरराष्ट्रीय पातळीवर १०, राष्ट्रीय पातळीवर ७.५, प्रादेशिक वा राज्य पातळीवर ५ आणि स्थानिक पातळीवर ३ असे गुण होते. २०१८ च्या नियमावलीत हे आकडे घटले. राष्ट्रीय पातळीला ३, तर राज्य वा विद्यापीठ पातळीला २ गुण ठेवण्यात आले. उतरंड मात्र तीच राहिली. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या परिषदेच्या फलकावर ‘राष्ट्रीय’ हे विशेषण का चढते, याचे कारण वेगळे शोधावे लागत नाही. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, निबंध वाचणाऱ्यास गुण आहेत, परंतु त्या निबंधातील नमुनानिवडीची चूक दाखवून देणाऱ्यास शून्य. अशा व्यवस्थेत वाचणारे वाढतात आणि निबंध वाचून होताच प्रमाणपत्र घेऊन गाडी गाठणारेही वाढतात.

विद्यार्थ्याचे नुकसान याहून मोठे आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला कार्यरत संशोधक समोरासमोर भेटण्याची संधी वर्षातून एकदा, ती याच अधिवेशनात. तीन राष्ट्रीय अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी पाठ्यवृत्ती हा खरोखर मोलाचा उपक्रम आहे. पण तो निवडक विद्यार्थ्यांपुरता. बाकीच्यांच्या वाट्याला भित्तिपत्र येते. प्रस्तुत लेखकाच्या मते भित्तिपत्र हाच अधिवेशनाचा सर्वांत जिवंत भाग होय, कारण तेथे प्रश्न टाळता येत नाही. दुर्दैवाने तेथेही गुणपत्रिका घेतलेला परीक्षक येतो. २००६ पासून राज्यात चालू असलेल्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धेने विद्यार्थी-संशोधनाला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे मान्य करूनही स्पर्धेची ही पद्धत अकादमीने उचलू नये असे वाटते. परीक्षक विचारतो तो विद्यार्थ्याला येते की नाही हे पाहण्यासाठी. सहकारी संशोधक विचारतो तो त्याला स्वतःला ठाऊक नसते म्हणून. हा दुसरा प्रश्न आयुष्यात प्रथमच ऐकायला मिळावा, यासाठी विद्यार्थ्याला अधिवेशनास न्यावयाचे असते.

भाषेचा अडसर त्यात भर घालतो. निबंध इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत, आणि ज्याला शंका आली आहे तो शेवटच्या रांगेत वाक्य जुळवत बसलेला. ते जुळेपर्यंत सत्र संपते. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची अधिवेशने मराठीत होतात, पण त्यांचे उद्दिष्ट मुख्यतः विज्ञानप्रसाराचे आहे. अकादमीने निबंध इंग्रजीतच ठेवावा. प्रश्न मराठीत स्वीकारावा. यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही, सत्राध्यक्षाचे एक वाक्य पुरेसे आहे.

चर्चेच्या अभावाची किंमत काय असते, याचे उदाहरण २०१५ च्या मुंबई विज्ञान काँग्रेसचे आहे. प्राचीन भारतीय विमानविद्येवरील निबंधाचा वाद मुख्यतः वृत्तपत्रांतून गाजला. वास्तविक ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची रचना विसाव्या शतकातील असून त्यातील यंत्रे उडू शकणार नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. २०१९ च्या जालंधर अधिवेशनातील विधानांनंतर वक्त्यांची भाषणे आधी तपासण्याचा उपाय पुढे आला. तो अपुरा आहे. पूर्वतपासणीने चुकीचे विधान व्यासपीठावर येणे टळेल. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या अभ्यासाचे काय, असे उभे राहून विचारणारा श्रोता त्यातून घडत नाही. जानेवारी २०२३ च्या नागपूर येथील १०८ व्या अधिवेशनानंतर पुढच्या वर्षीचे अधिवेशन होऊ शकले नाही. साहजिकच प्रादेशिक अधिवेशनांवरील भार वाढला आहे.

अनुकरणासाठी नमुना उपलब्ध आहे. इंग्लंडमधील फॅरेडे सोसायटीने १९०७ पासून सुरू केलेल्या चर्चासभांत निबंध आधीच सर्वांच्या हाती दिले जातात, लेखकाला सभेत जेमतेम पाच मिनिटे मिळतात, उरलेला वेळ चर्चेचा असतो आणि प्रश्नकर्त्याच्या नावासह ती चर्चा निबंधांसोबत छापली जाते. आपल्याकडे हे सर्व एका वर्षात साधणार नाही. निबंधांची संख्या निम्म्यावर आणण्यास नोंदणीशुल्काचे गणित आडवे येईल, हेही उघड आहे. परंतु प्रत्येक सत्रातील पहिला प्रश्न विद्यार्थ्यासाठी राखून ठेवता येईल, आणि विचारलेले प्रश्न नावांसह छापता येतील. त्यासाठी स्मरणिका आहेच. तिच्यातील शुभेच्छा-संदेशांची चार पाने कमी करावी लागतील.