राक्षसाचे बळ

संगणकावरील अद्भुतकथांच्या खेळांत राक्षसाला बळ किती द्यावे, हा प्रश्न पोरकट नाही. आमच्या पेडण्यातील दशावतारी कलावंताला तो जत्रांच्या दिवसांत रात्रीमागून रात्री सोडवावा लागतो. लिखित संवाद नसतात. समोरचा नट कितपत पेलतो ते पाहून राक्षसाने वाद वाढवायचा. तो लेचापेचा निघाला, तर राजाचा विजय फुकटचा.

२००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ने हे गणित यंत्राकडे सोपवले. खेळाडूचे बळ वाढले की शत्रूंचेही वाढते. परिणामी वाटेवरचा भुरटा लुटारूसुद्धा पुढे उंची चिलखत घालून उभा! मग इतके तास तलवार परजून मिळवले काय? विद्यार्थ्यागणिक प्रश्नपत्रिका बदलावी आणि सर्वांना सारखेच गुण पडावेत, तसला हा प्रकार. (तशी मागणी करणारे पालकही भेटतात.)

जपानी ‘एल्डन रिंग’ (२०२२) मी मुलाशेजारी बसून पाहिला. त्याची रीत मला अधिक पटते. तिथे सोपे-कठीण असा पर्यायच नाही. सुरुवातीच्या मैदानातच एक घोडेस्वार नवख्याला लोळवतो. पण त्याला वळसा घालता येतो, अन्यत्र बळ कमावून परतता येते. तो होता तेवढाच राहतो, म्हणून आपली वाढ आपल्याला मोजता येते. शेवटचे टप्पे मात्र मला अवाजवी वाटले. एकदोन फटक्यांत पात्र मरते आणि कित्येकदा का मरले तेही उमगत नाही. दशावतारातला राक्षस हात उगारण्याआधी निदान आरोळी तरी ठोकतो.