ध्रुवपद नसलेलं गाणं

तर मंडळी, आता ‘बोहेमियन रॅप्सडी’कडे येऊ. क्वीनचं हे सिंगल ३१ ऑक्टोबर १९७५ला इंग्लंडमध्ये आलं. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. रेडिओसाठी फार लांब, असं कंपनीचं म्हणणं. कापायला बँड तयार नाही. मग केनी एव्हरेटनं कॅपिटल रेडिओवर ते शनिवार-रविवारात १४ वेळा वाजवलं म्हणतात. पुढे ९ आठवडे ते पहिल्या क्रमांकावर राहिलं.

ही गोष्ट आपण हट्टाचा विजय म्हणून सांगतो. मला ते अपुरं वाटतं. कापायचं तर कुठे कापणार? आपल्या भावगीतातला एखादा अंतरा गाळला तरी ध्रुवपद गाणं सावरून घेतं. इथे ध्रुवपदच नाही. आधी आईपुढे खुनाची कबुली, मग ऑपेरा, मग रॉक, शेवटी शांतता.

ऑपेराचा भाग पुष्कळांना नुसती गंमत वाटते. पण नीट ऐका. मर्क्युरी, मे आणि टेलर, तिघांचेच आवाज थरावर थर चढवून जमाव उभा केलाय, आणि तो एकट्या मुलाचा निवाडा करतोय. हा भाग काढला, तर कबुलीनंतर खटलाच होत नाही. मग रॉकमधला संताप कोणावर?

मर्क्युरी पाचगणीला शिकला, याचा आपल्याला अभिमान आहे. असू द्या. पण अभिमानासाठी गाणं ऐकावं लागत नाही. आज सहा मिनिटं काढा, आणि मधेच पुढे ढकलू नका.