छपरातला पेंढा
(शरच्चंद्रांच्या 'महेश' या कथेविषयी)

मुक्या प्राण्यास घास घालण्याच्या कथा आपल्याकडे थोड्या नाहीत. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेवराय कीर्तनकारांनी घरोघर पोहोचविले आहेत. सोबत आलेल्या कुत्र्यास वगळून स्वर्ग मिळत असेल तर तो नको, असे म्हणणारा धर्मराज महाप्रस्थानिक पर्वात आहे. या कथा ऐकताना डोळे पाणावतात ते काही खोटे नव्हे. परंतु त्यांत कुत्रा हा शेवटपर्यंत कुत्रा राहत नाही. तो विठ्ठल होतो, अथवा साक्षात धर्म होऊन समोर उभा राहतो, आणि घास घालणाऱ्याची कसोटी पुरी होते. त्या दिवशी नामदेवांच्या घरी पुन्हा तवा चढला की नाही, हे कोणी विचारीत नाही. कीर्तनात ते विचारण्याचे कारणही नसते.

आपला नित्याचा आचारही असाच आहे. वैश्वदेव झाला, गोग्रास काढला, काकबळी ठेवला, की मग यजमानाने पानावर बसावयाचे. पानात अन्न आहे, हे यात धरूनच चालले आहे. ज्याच्या पानातच काही नाही त्याने दारी बांधलेल्या जनावराचे काय करावे? हा प्रश्न शरच्चंद्र चट्टोपाध्यायांनी 'महेश' या लहानशा कथेत विचारला आहे. 1926 सालच्या 'हरिलक्ष्मी' या संग्रहात ती समाविष्ट झाली. मामा वरेरकरांमुळे शरदबाबूंच्या कादंबऱ्या मराठी घरांतून घरच्यासारख्या वावरल्या. पण आमच्या मते त्या कादंबऱ्यांतील कित्येक अश्रू या एका कथेवरून ओवाळून टाकावेत.

कथा बंगालमधील काशीपूर नावाच्या खेड्यात घडते. वैशाख सरत आला आहे, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि ओळीने दुसरे वर्ष दुष्काळाचे आहे. गफूर हा गरीब मुसलमान शेतकरी, त्याची दहा वर्षांची आईवेगळी मुलगी अमीना, आणि महेश हा त्यांचा म्हातारा बैल, एवढाच हा संसार. महेश आता कामाचा उरलेला नाही. आठ वर्षे त्याने या घराला पोसले, आणि आता त्याला पोसण्याची पाळी घराची आहे. ज्याच्याकडून एका पैचीही प्राप्ती नाही अशा प्राण्याला केवळ मायेपोटी ठेवावयाचे, तेही पदरी दमडी नसताना, हा कथेचा सारा पेच आहे. गफूरने आपल्या बैलास शंकराचे नाव दिले आहे याचे गावच्या तर्करत्नांना हसू येते. आपल्या देवळात नंदीच्या पाठीवर हात ठेवून पिंडीचे दर्शन घेणाऱ्या वाचकास मात्र त्या नावापाशी थोडे थांबावेसे वाटेल.

पेंढा कोठे गेला, याचा हिशेब शरदबाबूंनी चोख दिला आहे. गफूरच्या वाट्याचा पेंढा जमीनदाराने मागील बाकीपोटी उचलून नेला. स्मशानाकडेचे गावचे गायरान होते, तेही पैशाच्या लोभाने खंडाने देऊन टाकले. म्हणजे महेशची उपासमार ही नुसती पावसाची करणी नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (1955) मेंढरे मरतात आणि माणसे गाव सोडतात ती आभाळाने पाठ फिरविल्यामुळे. तिथे दोष लावावयास कोणी नाही. काशीपुरात मात्र तर्करत्नांच्या घरी पेंढ्याच्या चार गंजी उभ्या आहेत.

तर्करत्नांचे पात्र ढोबळ आहे असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. पण त्यांचे बोलणे नीट ऐकावे. हिंदूंच्या गावात गोवंश उपाशी बांधून ठेवणे हे पाप आहे, असे ते गफूरला बजावतात. यात चुकीचे काय आहे? शास्त्र त्यांच्या बाजूचे आहे. मग गफूर थोडा पेंढा उसना मागतो, पायांशी वाकतो, आणि तर्करत्न स्पर्श होईल म्हणून मागे सरतात. त्यांच्या हातातल्या पोटलीत पूजेची फळे आणि भिजवलेले तांदूळ आहेत. महेशला वास येतो, तो मान पुढे करतो. पोटली तशीच बांधलेली राहते. एका वाक्याचेही भाष्य न करता लेखकाने येथे जे दाखविले, ते गोमातेवरील आपल्या अनेक व्याख्यानांत सापडत नाही.

ते गेल्यावर गफूर आपल्याच घराच्या छपरातला पेंढा उपसून महेशपुढे टाकतो. हे तो पहिल्यांदाच करीत नाही. अमीनाच्या विचारण्यावरूनच ते कळते. आपल्या कोकणातील वाचकास शाकारणीचे मोल सांगावयास नको. ज्येष्ठ उलटला की त्याच छपराखाली बापलेकीला पाऊस काढावयाचा आहे. मग जेवणाची वेळ होते. ताप आहे, जेवायला नको, माझ्या वाटचा भात महेशला घाल, असे गफूर म्हणतो. रात्री मूठभर शिजविता येईल ना, असेही विचारतो. रात्रीसाठी घरात काय आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. दहा वर्षांची पोर बापाच्या तोंडाकडे पाहते आणि होय म्हणते. हे लटके नाटक अंतराळातून आणखी एकाने पाहिले असावे, असे लेखक सुचवितो. साक्षी आहे, पण तो खाली उतरत नाही. नामदेवांच्या कथेहून ही कथा वेगळी होते ती येथेच. बैलाचे नाव महेश असूनही त्याच्या ठायी कोणी प्रकट होत नाही.

यानंतर कोंडवाडा येतो, दंडासाठी थाळी गहाण पडते, आणि एक दिवस गिऱ्हाईकही दारी येते. गफूर विसार घेतो. दुसऱ्या दिवशी ती माणसे कातड्याच्या किमतीची भाषा करू लागताच तो कानांवर हात ठेवतो आणि पैसे परत करतो. येथवर कथा वाचकाला सुखावते: प्रेमाने पैशावर मात केली. दुसरा लेखक येथेच थांबला असता.

शरदबाबू थांबले नाहीत. ज्येष्ठातल्या एका दुपारी काम न मिळालेला गफूर घरी येतो. घरात तांदूळ नाहीत आणि पाणीही नाही, कारण मुसलमानाच्या पोरीला पाणवठ्याला हात लावता येत नाही. कोणी दया करून ओतील तेव्हा घागर भरावयाची. त्यातच महेश दावे तोडून जमीनदाराच्या अंगणात नासधूस करतो, आणि गफूर मार खाऊन परततो. इतक्यात महेश अमीनाची घागर पाडून फोडतो आणि सांडलेले पाणी जमिनीवरून चाटू लागतो. गफूर हाताला लागलेले नांगराचे लाकूड त्याच्या डोक्यात घालतो. महेश मरतो.

ज्याने आपले छप्पर बैलाला चारले तोच त्याला मारील हे पटत नाही, असे म्हणणारे वाचक भेटतात. आम्हास हा आक्षेप मान्य नाही. उपासमारीत माया आटत नाही, तिला वाट उरत नाही. आणि मग अखेरचा प्रहार जमीनदारावर न होता सर्वांत जवळच्या जिवावर होतो. त्याच दुपारी गफूरने अमीनालाही चापट मारली आहे, हे येथे विसरता कामा नये. ज्या कथेत उपाशी धनी अखेरपर्यंत शांत आणि उदार राहतो, ती पोट भरलेल्या माणसाने लिहिलेली असते, अशी आमची समजूत आहे.

इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 'उंबेर्तो डी' (1952) या चित्रपटाची येथे आठवण होते. रोममधला निवृत्त सरकारी नोकर, निवृत्तिवेतन तुटपुंजे, खोलीचे भाडे थकलेले, आणि सोबतीला फ्लाइक नावाचा कुत्रा. धर्मादाय भोजनगृहात हा म्हातारा आपली थाळी हळूच मेजाखाली सारतो. पुढे भीक मागण्यास हात पसरतो आणि कोणी देऊ लागताच, जणू पाऊस पडतो का ते पाहत आहोत, असा तळहात उलटा करतो. कार्लो बात्तिस्ती या प्राध्यापकाने, जो पेशाने नट नव्हता, ही भूमिका केली आहे. कुत्र्याला कोणाच्या तरी पदरात टाकावे म्हणून तो दारोदार हिंडतो, आणि अखेर त्याला घेऊन आगगाडीपुढे जावयास निघतो. तेथे कुत्राच भिऊन निसटतो आणि दोघेही वाचतात. मायेनेच घात व्हावा, ही गोष्ट दोघाही कलावंतांनी ओळखली होती. पण उंबेर्तोची अब्रू त्याला भीक मागू देत नाही. गफूरने तर्करत्नांचे पाय धरून पाहिलेले आहेत.

कथेत उणे नाही असे नव्हे. शेवटच्या दिवसावर फार घटना लादल्या आहेत. तहान, मार आणि फुटकी घागर एकाच दुपारी यावीत यात लेखकाची घाई दिसते. बाभळीखाली उभे राहून गफूर अल्लाकडे जे गाऱ्हाणे घालतो, त्यातही गफूरपेक्षा शरदबाबूंचा आवाज जास्त ऐकू येतो. महेशच्या वाटचे गवत आणि पाणी कोणी अडविले हे वाचकाला तोवर कळून चुकलेले असते.

त्या गाऱ्हाण्यापेक्षा त्याच्या आधीचा लहानसा प्रसंग आम्हास मोलाचा वाटतो. बैल मेला म्हणताच जमीनदार प्रायश्चित्ताची व्यवस्था विचारावयास तर्करत्नांकडे माणूस धाडतो. पेंढ्याच्या वेळी रिकामे नसलेले शास्त्र आता तत्काळ उपलब्ध होते. जिथे धर्म राहत नाही आणि बायकांची अब्रू राहत नाही म्हणून जी ज्यूटची गिरणी गफूरने आजवर नाकारली, तिकडेच तो रात्री पोरीला घेऊन निघतो. अमीना पाण्याचा लोटा आणि बापाची जेवायची पितळी थाळी बरोबर घेऊ लागते. ती राहू दे, असे तो सांगतो. महेशचे प्रायश्चित्त त्यातून व्हावयाचे आहे.