नाक आखूड, शेपटी छाटलेली

मोटारीचा आकार बदलला की त्याचे कारण आपण हवेत किंवा फॅशनमध्ये शोधतो. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर गेल्या पन्नास वर्षांत धावलेल्या गाड्यांची मापे पाहिली, तर वेगळेच चित्र दिसते.

कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असे. त्याची शक्ती लांब दांड्यामार्फत मागच्या चाकांना मिळे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसले आणि पुढचीच चाके गाडी ओढू लागली. नाक आखूड झाले. पद्मिनीची लांबी ३.९३ मीटर व दोन आसांमधले अंतर २.३४ मीटर, मारुतीची मापे ३.३४ व २.१८ मीटर. म्हणजे एकूण लांबीत आसांमधला भाग ६० टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेला. माणसे बसतात ती जागा मुख्यतः याच भागात असते. हा बदल यंत्ररचनेतून आला आणि तो हिताचा होता.

पुढचा बदल करातून आला. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. लहान कोणती? लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२००, डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरपर्यंत. लगेच २००८ साली टाटांनी इंडिगोची डिकी छाटून ती ४ मीटरच्या आत बसवली. २०१२ साली मारुतीची डिझायर ४.१६ मीटरवरून ३.९९५ मीटरवर आली. तिच्या आसांमधले अंतर मात्र ४ सेंटिमीटरने वाढले. काट बसली ती डिकीला: ४४० लिटरची जागा ३१६ लिटर झाली.

आमचा आक्षेप येथे आहे. हा नियम लांबी मोजतो, रुंदी-उंची मोजत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाबरोबर आणि गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो. पद्मिनीच्या रुंदी-उंचीचा गुणाकार सुमारे २.१५ चौरस मीटर. रांजणगावला बनणाऱ्या, २०१७ साली आलेल्या नेक्सॉनचा सुमारे २.९. तरीही लांबी ३.९९४ मीटर, म्हणून ती कायद्याने 'लहान'! नव्या गाड्यांचा बाह्याकार अधिक गुळगुळीत असतो आणि वाढलेल्या रुंदीचा काही भाग धडकेत माणूस वाचवण्यासाठी लागतो, हे मान्य. परंतु धुळ्याहून जळगावकडे महामार्गाने वेगात जाताना वाढलेल्या क्षेत्रफळाची किंमत इंधनात मोजावी लागतेच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर लहान पेट्रोल-डिझेल गाड्यांना १८ आणि मोठ्यांना ४० टक्के झाले. ४ मीटरची रेघ तशीच राहिली. इंधन वाचवणे हा हेतू असेल, तर गाडीचे वजन आणि तिला प्रत्यक्ष लागणारे इंधन मोजून कर ठरवावा.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना टेप देऊन शाळेबाहेरच्या दहा गाड्या मोजायला सांगाव्यात: लांबी, रुंदी, उंची, आसांमधले अंतर. त्यांतल्या किती गाड्या ४ मीटरच्या अगदी अलीकडे थांबतात, हे मुलांनीच शोधावे.