घोडा, रूळ आणि दोन तारा

जालन्याहून मुंबईला शाळेची सहल निघाली की राणीची बाग, तारांगण, नेहरू विज्ञान केंद्र ही ठिकाणे ठरलेलीच असतात. आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयाचे नाव मात्र यादीत क्वचितच दिसते. १९८४ साली कुर्ला आगारात सुरू झालेले आणि १९९३ साली आणिकला हलवलेले हे संग्रहालय लहानसेच आहे. ट्राम आणि बस यांच्या प्रतिकृती, जुनी तिकिटे, तिकिटे देण्याची यंत्रे असा त्याचा ऐवज. पण विज्ञान शिकवणाऱ्यांना त्यातून काय मिळते?

पहिली गोष्ट मिळते ती कालक्रम. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १९२६ मध्ये बस आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. हा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण त्यात एक धोकाही आहे. घोडा मागासलेला, ट्राम बरी, बस उत्तम अशी शिडी मुलांच्या मनात तयार होते. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात ट्राम आजही धावते आहे. म्हणजे ट्राम बंद होणे हा विज्ञानाचा निकाल नव्हता. रस्त्यावरची जागा कोणाला द्यायची, पैसा कशावर खर्च करायचा, याबाबत त्या त्या शहराने केलेली ती निवड होती. ही चर्चा वस्तू आपण होऊन सुरू करणार नाहीत. ती शिक्षकांनीच करायला हवी.

दुसरी मर्यादा प्रतिकृतींचीच आहे. प्रतिकृती आकार दाखवते, बळ दाखवत नाही. गाडी ओढायला घोडेच होते, मग रूळ कशाला टाकले? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. खडीच्या रस्त्यावर चाक थोडे रुतते, रस्ता दबतो आणि त्यात ऊर्जा खर्ची पडते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फारसे दबत नाही, म्हणून ओढ कितीतरी कमी लागते. तेवढ्याच घोड्यांना अधिक उतारू ओढता येतात. पण घोडा दिवसभर राबू शकत नाही. त्याला विश्रांती हवी, दाणा-वैरण हवी, तबेला हवा. विजेची ट्राम आली आणि हा सारा खटाटोप रस्त्यावरून वीजनिर्मिती केंद्राकडे सरकला. ऊर्जा फुकट मिळू लागली असे मात्र नव्हे!

आणखी एक सुंदर कोडे आहे. मुंबईत १९६२ ते १९७१ या काळात ट्रॉलीबसही धावली. ट्रामला डोक्यावर एक तार पुरते, ट्रॉलीबसला मात्र दोन लागतात. का बरे? विद्युतमंडल पूर्ण व्हायला परतीचा मार्ग हवा. ट्राममध्ये तो रुळांतून मिळतो. ट्रॉलीबसची चाके रबराची, तेव्हा परतीसाठी वेगळी तार हवीच. आठवीच्या मुलाला हे स्वतःहून सुचले, तर सहलीचा खर्च वसूल झाला म्हणायचा.

म्हणून या संग्रहालयाबद्दल आमचे मत असे: वस्तू मोलाच्या आहेत, पण प्रश्न आपणच सोबत न्यावे लागतात. तयारी न करता गेलेला वर्ग अर्ध्या तासात बाहेर पडेल.

आणि मुंबईला जाणे जमलेच नाही तर? मराठवाड्यातील एस.टी.ची मुळे हैदराबाद संस्थानात १९३२ साली सुरू झालेल्या बससेवेत आहेत. जालन्याची रेल्वे एके काळी मीटर गेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेली होती. कंडक्टरची तिकिटांची पेटी, तिकिटाला भोक पाडणारा चिमटा, जुने पास गावातल्या एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याच्या घरी अजूनही सापडतील. त्या माणसाला शाळेत बोलवा, त्याचे बोलणे मुलांना लिहून घेऊ द्या. शाळेतले एक कपाटही संग्रहालय होऊ शकते. मात्र प्रत्येक वस्तूखाली नावाबरोबर एक प्रश्नही लिहा. भंगारवाल्याची हातगाडी दर आठवड्याला गल्लीत येते, एवढे ध्यानात असू द्या.