हैदराबाद १९४८ : नागरी हत्या, वंशसंहाराचा आरोप आणि आपली चर्चा

प्रस्तावना

युद्धात पडलेल्या सैनिकांची नोंद राज्यसंस्था ठेवते; घरात, शेतात किंवा वाटेवर मारल्या गेलेल्या नागरिकांची नोंद मात्र बहुधा वादाच्या भोवऱ्यात सापडते. आधुनिक युद्धांतील नागरी हानीसंबंधी आपल्याकडे होणाऱ्या चर्चेचे स्वरूप पाहिले, तर ती एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसते : 'हा वंशसंहार आहे की नाही?' उत्तर 'होय' असेल तर निषेध, आणि 'नाही' असेल तर जणू काही घडलेच नाही, अशा दोनच वाटा उरतात. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी दूरच्या युद्धाऐवजी आपल्या सीमेलगतचे उदाहरण घेतले आहे : सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादवरील लष्करी कारवाई आणि तिच्यानंतर झालेल्या हत्या.

वऱ्हाडातील वाचकाला हे उदाहरण परके नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०२ च्या कराराने ते कायमच्या भाडेपट्ट्यावर देण्यात आले, तरी नावापुरते स्वामित्व निजामाकडेच राहिले. त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब होता. १९४७-४८ मध्ये पैनगंगेच्या पलीकडे निजामी राज्य होते आणि अलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची छावणी होती. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत आजही पैनगंगेपलीकडून विद्यार्थी येतात. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाविषयी वर्गात बोलताना रझाकारांच्या जुलमाच्या घरोघरच्या आठवणी निघतात, आणि एखादा विद्यार्थी काहीही न बोलता खाली मान घालून बसतो. त्याच्या घरातील आठवण वेगळी असते. ही शांतता समजून घेणे हे शिक्षकाचे काम आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१. शब्दांचा प्रश्न

१९४८ च्या घटनेच्या नावातच एक आवरण आहे. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य रणगाड्यांसह अनेक दिशांनी हैदराबाद संस्थानात शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने माघार जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सेनापतीने शरणागती पत्करली. या सैनिकी मोहिमेस 'पोलीस कारवाई' म्हटले गेले. हैदराबाद हा अंतर्गत प्रश्न आहे, ही भारताची राजकीय भूमिका त्या नावामागे होती आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु कारवाई पोलिसी ठरली की तिला युद्धाचे नियम लावण्याचा विचारही मागे पडतो, हा त्या नावाचा दुसरा परिणाम होय.

आरोपाच्या बाजूचा शब्दही तितकाच सैल आहे. मराठी वृत्तपत्रे 'नरसंहार' हा शब्द एखाद्या गावातील वीस जणांच्या हत्येलाही वापरतात आणि संपूर्ण समाज नष्ट करण्याच्या प्रयत्नालाही. 'हत्याकांड', 'कत्तल' व 'शिरकाण' या शब्दांतून हत्येची तीव्रता कळते, तिचा प्रकार कळत नाही. 'वंशसंहार' हा त्यातल्या त्यात नेमका. पण त्यातील 'वंश' या घटकामुळे धार्मिक किंवा राष्ट्रीय समूह त्यात येत नाहीत असा गैरसमज होतो. राफाएल लेमकिन या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये मूळ संज्ञा घडविली, ती ग्रीक व लॅटिन शब्दांच्या जोडणीतून. तिच्या केंद्रस्थानी मृतांची संख्या नसून समूह आहे. या दृष्टीने 'समूहसंहार' हा पर्याय अधिक योग्य ठरेल. रूढ शब्द म्हणून येथे 'वंशसंहार' वापरला असला, तरी त्याचा हाच अर्थ अभिप्रेत आहे.

२. हेतूची कसोटी

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहारविरोधी करार ९ डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारला, म्हणजे हैदराबादच्या शरणागतीनंतर तीन महिन्यांच्या आत. भारताने त्यावर १९४९ मध्ये स्वाक्षरी केली आणि १९५९ मध्ये तो अनुसमर्थित केला. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूहाचा, तो समूह म्हणून, पूर्णतः वा अंशतः नाश करण्याच्या हेतूने केलेली कृत्ये म्हणजे वंशसंहार, अशी त्याची व्याख्या आहे. हत्या, गंभीर शारीरिक वा मानसिक इजा, समूहाचा नाश होईल अशी जीवनस्थिती लादणे, जन्म रोखणे आणि मुले दुसऱ्या समूहाकडे नेणे, ही ती पाच प्रकारची कृत्ये होत.

येथे संख्या ही निर्णायक कसोटी नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिका येथे आठ हजारांच्या आसपास बोस्नियाक पुरुष व मुले मारली गेली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये त्या हत्यांना वंशसंहार म्हटले. त्याच युद्धात बोस्नियात इतरत्र झालेल्या व्यापक हत्यांबाबत मात्र विशिष्ट हेतू सिद्ध झाला नाही, असा निष्कर्ष त्याच निकालात आहे. त्या इतर हत्या निर्दोष ठरल्या, असा याचा अर्थ नव्हे. युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे ही कायद्याची स्वतंत्र दालने आहेत आणि त्यांतील शिक्षाही कठोर आहेत.

भारतीय कायद्यात तर ही पोकळी प्रत्यक्षच आहे. १९८४ च्या शीखविरोधी हिंसेतील सज्जनकुमार खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मानवतेविरुद्धचे गुन्हे व वंशसंहार देशांतर्गत फौजदारी कायद्यात समाविष्ट नसल्याची खंत नोंदविली होती. ज्या गुन्ह्याला कायद्यात कलम नाही, त्याची चर्चा घोषणांच्या भाषेत होते. त्यामुळे ती फार पुढे जात नाही.

३. सुंदरलाल समितीचे निष्कर्ष

हैदराबादच्या घटनाक्रमाचा प्रारंभ सप्टेंबर १९४८ पासून करणे अन्यायाचे होईल. कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ व हत्या यांचे सत्र चालविले होते. त्यांच्या हिंसेचे बळी केवळ हिंदू नव्हते. भारतात विलीन होण्याची बाजू घेणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. अनंत भालेराव यांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' यासारख्या ग्रंथांनी हा लोकलढा मराठीत चिरस्थायी केला, हे मोठेच कार्य आहे.

परंतु शरणागतीनंतर जे घडले त्याचीही एक नोंद आहे. पंतप्रधान नेहरूंच्या पुढाकाराने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ या काळात संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांचा दौरा केला आणि शंभरावर गावांतील पाचशेहून अधिक लोकांशी बोलणे केले. कारवाईच्या काळात व त्यानंतर किमान २७,००० ते ४०,००० लोक मृत्युमुखी पडले, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ तत्कालीन उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांना बसली. तेथील मृतांची संख्या १८,००० पेक्षा कमी नसावी, असे समितीने म्हटले. लातूर शहरात हत्यांचे सत्र वीस दिवसांहून अधिक चालले. अपहरण, बलात्कार, सक्तीचे धर्मांतर आणि मालमत्ता बळकावणे यांचीही नोंद अहवालात आहे.

हा अहवाल दीर्घकाळ प्रकाशित झाला नाही. त्यातील भाग प्रथम ओमर खालिदी यांच्या १९८८ च्या संपादित ग्रंथातून आणि नंतर ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादविषयक ग्रंथातून अभ्यासकांपुढे आले. सरदार पटेल यांनी समितीच्या अधिकाराविषयी व एकांगीपणाविषयी त्याच वेळी आक्षेप घेतले होते. ते आक्षेप दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. समिती न्यायालयीन नव्हती, तिने उलटतपासणी केली नाही, निम्म्याहून थोडे अधिक जिल्हेच पाहिले आणि तिचे आकडे हे अंदाज आहेत. दुसरीकडे विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५० मधील लेखात दोन लाखांपर्यंतच्या अंदाजांचा उल्लेख केला होता. आकड्यांतील हा फरक पाहता, अहवाल दडवून ठेवल्याने शंका मिटली नाही, उलट वाढली, असेच म्हणावे लागेल.

४. आरोपाची तपासणी

हा वंशसंहार होता काय? अहवालातील तपशील दोन दिशांना निर्देश करतात. बळींची निवड धर्माच्या आधारे झाली आणि अनेक ठिकाणी प्रौढ पुरुषांना वेचून मारण्यात आले, ही बाब आरोपाच्या बाजूने जाते. भारतीय सैन्यातील व स्थानिक पोलिसांतील काही जणांनी लुटीत व अन्य गुन्ह्यांत भाग घेतला, काही ठिकाणी जमावाला चिथावले, हेही समितीने नोंदविले. मात्र सैन्याची सर्वसाधारण शिस्त चांगली असल्याचेही तीच समिती सांगते. बाहेरून आलेल्या टोळ्या, स्थानिक सूडबुद्धी व मालमत्तेचा लोभ अशी हिंसेची मिश्र कारणे तिने दाखविली आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली. ज्या शासनाच्या प्रमुखाने ही चौकशी घडवून आणली, त्या शासनाचा समूह नष्ट करण्याचा हेतू होता, असे या साधनांवरून सिद्ध करता येत नाही.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, उपलब्ध साधनांच्या आधारे कराराच्या अर्थाने 'वंशसंहार' हा शब्द येथे सिद्ध होत नाही. परंतु धर्माच्या आधारे झालेल्या सामूहिक हत्या, त्यांतील काही गणवेशधाऱ्यांचा सहभाग आणि जिंकलेल्या प्रदेशातील नागरिकांचे रक्षण करण्यात शासनाला आलेले अपयश, या तीन बाबी गंभीरपणे मान्य कराव्या लागतात. पहिला निष्कर्ष स्वीकारताना दुसऱ्याला बगल देणे ही बौद्धिक पळवाट ठरेल.

५. वादपद्धतीतील दोष

या उदाहरणावरून आपल्या चर्चेतील तीन दोष स्पष्ट होतात. पहिला दोष वजाबाकीचा. रझाकारांच्या अत्याचारांची संख्या एका पारड्यात आणि नंतरच्या हत्यांची दुसऱ्या पारड्यात टाकून हिशेब चुकता केला जातो. पण लातूरच्या बाजारात मारला गेलेला विणकर किंवा हमाल रझाकार होता काय, हा प्रश्न त्या तराजूत बसत नाही. युद्धाच्या कायद्याचे मूलतत्त्व हेच की, शत्रूने नियम मोडला म्हणून नागरिकाचे संरक्षण संपत नाही.

दुसरा दोष शब्दाच्या हत्याराचा. आरोप हाच युद्धाचे समर्थन बनू शकतो. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवरील आक्रमणासाठी डोनबासमधील कथित वंशसंहाराचे कारण पुढे केले, तेव्हा युक्रेनने त्याच करारान्वये आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. शब्द सैल असला की तो बळीच्या उपयोगी पडतो, तसाच आक्रमकाच्याही.

तिसरा दोष निकालाची वाट पाहण्याचा. ऑक्टोबर २०२३ मधील हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० लोक मारले गेले. त्यानंतरच्या गाझातील युद्धासंबंधी दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये दावा दाखल केला. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिले. तो अंतिम निकाल नव्हता. तरीही आपल्याकडे एका बाजूने तो शिक्का मानला, तर दुसऱ्या बाजूने निर्दोषत्वाचा दाखला. वस्तुतः करारात वंशसंहार रोखण्याचे कर्तव्यही आहे आणि ते निकालापूर्वीच सुरू होते. स्रेब्रेनिकाच्या प्रकरणात सर्बियावर ठपका आला तो नेमका न रोखल्याबद्दल.

समारोप

१७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम हा मराठवाड्याच्या व वऱ्हाडच्या सीमाभागातील जनतेचा खरा आणि गौरवास्पद लढा होता. त्या लढ्याची प्रतिष्ठा त्यानंतरच्या हत्या मान्य केल्याने कमी होत नाही. शोएबुल्ला खान यांनी ज्या मूल्यासाठी प्राण दिले, त्याच मूल्याच्या आधारे लातूर-उस्मानाबादच्या मृतांचीही मोजणी झाली पाहिजे. यासाठी आपल्या महाविद्यालयांतील इतिहास, राज्यशास्त्र व मराठी विभागांनी सीमाभागातील दोन्ही समाजांच्या आठवणी, त्यांच्या सत्यासत्यतेची छाननी करून, एकत्र नोंदवाव्यात. त्या पिढीतील माणसे आता फारच थोडी उरली आहेत. घटनेला कोणता शब्द द्यावयाचा, याचा वाद त्यानंतरही चालेल. पण ज्याची नोंदच राहिली नाही, त्याच्याविषयी कोणताच शब्द सिद्ध करता येणार नाही आणि वर्गात मान खाली घालून बसलेल्या विद्यार्थ्याला आपल्यापाशी उत्तर असणार नाही.