बर्फाचा हंस आणि कोरणारा हात

मोठ्या शहरांतील स्वागतसमारंभात बुफेच्या मधोमध बर्फाचा हंस ठेवलेला असतो. श्रीमंतांचे चोचले म्हणून आपली पुरोगामी समीक्षा त्याच्याकडे पाठ फिरवते. हा निवाडा घाईचा आहे. हंस मागवणाऱ्यावरचा आपला राग तो कोरणाऱ्याच्या कौशल्यावर जाऊन पडतो. आपल्या बापजाद्यांनी कमावलेले कातडे वापरून त्यांच्या कसबाला हीन लेखणाऱ्यांनी हेच केले होते.

प्रथम ते कसब पाहू. कारखान्यातली साधी लादी सर्व बाजूंनी गोठते. हवा व क्षार आत कोंडतात आणि मधला भाग पांढरा पडतो. कोरण्यासाठीची लादी खालून वर गोठवतात, वरचे पाणी सतत हलते ठेवतात, म्हणून ती काचेसारखी निघते. अशी लादी सुमारे 135 किलोची असते. शीतगृहातून काढताच पटाशी लावली तर ती तडकते, म्हणून थोडा वेळ थांबावे लागते. पंख मुद्दाम जाड ठेवावे लागतात, कारण पाहुणे येईपर्यंत ते झिजणार असतात. म्हणजे कारागीर वितळणेही हिशेबात धरून कोरतो. ही साधी विद्या नव्हे.

पण या विद्येला नाव मिळत नाही. 1890 च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात एस्कॉफिए या आचाऱ्याने नेली मेल्बा या गायिकेला बर्फाच्या हंसात पीच वाढल्याची कथा प्रसिद्ध आहे. आचारी आणि गायिका दोघेही इतिहासात राहिले. हंस कोरणारा हात त्या कथेत येत नाही. आजही बर्फात नाव कोरले जाते ते वधूवरांचे.

पंगतीत कोणी कुठे बसायचे आणि कोणी उष्टे उचलायचे हे जात ठरवीत असे. बुफेने बसण्याची जागा मोडली, हे मान्य करावे लागेल. उष्टे उचलणारा मात्र अजून उभाच आहे. आणि ज्या पाण्याला स्पर्श करण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर माणसे चालून गेली, तेच पाणी इथे केवळ पाहण्यासाठी मांडले जाते.

मग बर्फ हे माध्यमच पोकळ आहे काय? ब्राझीलच्या नेले आझेवेदो या शिल्पकर्तीने 2009 साली बर्लिनमध्ये पायऱ्यांवर बर्फाची सुमारे हजार छोटी माणसे बसवली. ज्यांचे पुतळे कोणी उभारत नाही अशी ही निनावी माणसे लोकांच्या डोळ्यांदेखत विरघळली. तिथे वितळणे हाच आशय होता. बुफेतला हंसही वितळतो, पण यजमानाला ते दिसू नये असे वाटते. पाणी तबकाखालच्या नळीतून गुपचूप निघून जाते. दोषाची जागा इथे आहे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात कडाक्याच्या थंडीत अक्कलकुवा तालुक्यातील डाबच्या परिसरात दव गोठते, गवतावर बर्फाचा थर धरतो. वर्तमानपत्रे त्याची छायाचित्रे नवलाईने छापतात. त्या थराशेजारी रात्र काढणाऱ्या माणसाची थंडी चित्रात उतरत नाही. हंसाचे आणि या छायाचित्राचे सौंदर्यशास्त्र एकच: वस्तू दाखवायची, माणूस झाकायचा.

दलित समीक्षेचे काम याच्या उलट आहे. हंस सुंदर असेल तर तसे म्हणावे आणि लगेच विचारावे, कोणी कोरला, मजुरी किती मिळाली, आणि तो कोणत्या ताटात जेवला?